निळी रेघ

रहाट्यांच्या दुकानात साधा राउटर एकही नव्हता.

"साधा आता कंपन्या काढतच नाहीत, फोरमनसाहेब," म्हणत नंदू रहाटेने काउंटरवर तीन खोकी ओळीने मांडली. "हा पहिला. घरात कोणी पडलं, तर मुलांच्या फोनवर घंटा वाजते. हा दुसरा. ह्याला पडणं कळतं, शिवाय श्वास आणि झोप. आणि हा 'सोबत'. ह्याला चालणंसुद्धा कळतं. माणूस कसा चालतो त्यावरून पुढचं दुखणं आधी सांगतो म्हणतात."

"आणि इंटरनेट?"

"ते पण आहे ना त्याच्यात!"

दिगंबर मयेकर मोठ्याने हसले. त्यांची मुलगी केतकी मात्र तिसऱ्या खोक्याच्या पाठीवरचा बारीक मजकूर वाचत होती. ती पुण्यात एका प्रयोगशाळेत काम करी. दवाखान्यांतले तापमापक, वजनकाटे, रक्तदाबाची यंत्रं खरं बोलतात की नाही ते तपासून त्यांना प्रमाणपत्र देणं हा तिचा रोजचा उद्योग. खोक्याची पुढची बाजू ती सहसा वाचत नसे.

चार दिवसांची रजा काढून ती रत्नागिरीला आली, त्याला कारण होतं. शेजारच्या तारामावशी श्रावणात न्हाणीघरात पाय घसरून पडल्या. सकाळी सातला पडल्या, त्या संध्याकाळी दूधवाल्याने हाका मारीपर्यंत तशाच होत्या. मावशी वाचल्या, पण तेव्हापासून केतकीला दिवसातून तीन-चारदा, एखाद्या यंत्रावरचा आकडा लिहून घेताना मध्येच, नाचणे रोडवरचं आपलं घर दिसायचं. बंद दार, आत दोन माणसं, आणि कसलाच आवाज नाही.

"हा तिसरा द्या," ती म्हणाली.

"तीन घे," बाबा म्हणाले. "एकाने काय होतंय? आपलं घर चिऱ्याचं."

ते खरंच होतं. पस्तीस वर्षांपूर्वी बाबांनी स्वतः उभं राहून बांधून घेतलेलं घर, जांभ्या दगडाच्या नऊ-नऊ इंची भिंती. जांभा सच्छिद्र असतो, वर्षभर पोटात ओल धरून राहतो, आणि रेडिओलहरी पाण्यात विरून जातात. पुण्याच्या फ्लॅटमध्ये जे काम एक डबा करतो, त्याला इथे तीन लागणार. बाबा वीजमंडळात लाइनमन म्हणून चिकटले आणि फोरमन होऊन निवृत्त झाले. लहरींचं गणित त्यांना येत नसलं, तरी कुठल्या खांबावरून कुठवर पुरेल याचा अंदाज हाडात होता. पावतीच्या पाठीवर त्यांनी घराचा नकाशा काढला. एक डबा ओटीवर, एक माजघरात, एक स्वयंपाकघराच्या दाराशी.

*

"आधी तो प्लग राहू दे," बाबा म्हणाले. खिशातला टेस्टर काढून त्यांनी सॉकेटमध्ये घातला. बटण बंद होतं, मेन स्विच केतकीने स्वतः पाडला होता, तरी घातला.

"बाबा, मी बंद केलंय."

"ऐकलं मी. लाइन बंद आहे असं दुसऱ्याने कितीही सांगितलं, तरी आपण आपला टेस्टर लावून बघायचा. छत्तीस वर्षं खांबावर चढून मी जिवंत का आहे? लोकांचं ऐकलं नाही म्हणून."

"माझं तर अजून ऐकत नाहीत," आतून आईचा आवाज आला. वैजयंतीबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या आणि भिंतीवर बसलेल्या पांढऱ्या डब्याकडे संशयाने बघत उभ्या राहिल्या. "ह्याला सगळं दिसतं का गं? मी कपडे बदलताना वगैरे?"

"ह्याला डोळे नाहीत, आई. तांदूळ धुताना पातेल्यात बोट फिरवलंस की पाणी हलतं ना? काठाशी हात धरलास तर न बघताही कळेल, कोणीतरी बोट फिरवतंय. तसं हे."

ती तेवढ्यावर थांबली, पण डब्याच्या आत जे चालतं ते तिला याहून सुंदर वाटत होतं. लहरी खोलीत सरळ जात नाहीत. भिंतींवर, फरशीवर, कपाटाच्या पत्र्यावर आपटून शंभर वाटांनी त्या पुढच्या डब्याशी पोचतात आणि तिथे त्यांची एक गुंतागुंतीची नक्षी तयार होते. लहरीची लांबी जेमतेम पाच-सहा सेंटिमीटर. त्यामुळे वाटेतल्या माणसाची छाती श्वासाने अर्धा सेंटिमीटर वर आली, तरी नक्षी हलते. जुने राउटर हे हलणं गोंगाट म्हणून टाकून देत. नव्या यंत्रांनी ते टाकणं बंद केलं, शोध म्हणायचा तर इतकाच. घरातल्या प्रत्येकाचा श्वास, पाऊल, वळण त्या गोंगाटात पहिल्यापासून होतंच.

"दोघांना वेगवेगळं ओळखतं?" बाबांनी विचारलं. तो प्रश्न रास्त होता. दोघं सारख्याच उंचीची, सारख्याच किडकिडीत बांध्याची.

"चाल प्रत्येकाची वेगळी असते, सहीसारखी. ते ओळखतं. पण नाव काय ते त्याला कुठून कळणार? म्हणून पहिले सात दिवस आपापला फोन सतत जवळ ठेवायचा. फोन कोणाचा ते ह्याला ठाऊक असतं. तो ज्याच्याबरोबर फिरेल त्या चालीला ते फोनवाल्याचं नाव देतं. सात दिवसांनी नाव पक्कं. मग फोन विहिरीत टाकलात तरी चालेल."

"म्हणजे आमचं बारसं," आई म्हणाली.

"बारसं बाराव्या दिवशी. हे सातव्यालाच उरकतंय," बाबा म्हणाले.

तेवढ्यात आईच्या गाऊनच्या खिशात फोन वाजला. तिने काढून बाबांपुढे धरला. "घ्या, सबस्टेशनवाला. निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली तरी ह्यांच्याशिवाय फ्यूज सापडत नाही." केतकी ॲपमध्ये नावं भरत होती. दिगंबर, निळा रंग. वैजयंती, केशरी रंग. तिने मान वर केली नाही.

निघताना तिने पुन्हा बजावलं, "सात दिवस. विसरू नका."

"तू सांगितलंस ना, झालं," आई म्हणाली. आईला सांगितलेलं कधी दुसऱ्यांदा सांगावं लागत नसे.

*

पहिले दीड महिने केतकीला सुखाचे गेले. सकाळी चहाबरोबर ती ॲप उघडी. घराचा नकाशा, त्यात दोन ठिपके, खाली दोन रेघा. पावलं, पावलांमधलं अंतर, वळायला लागणारा वेळ, श्वास. आकडे तिचे जुने मित्र होते.

काही गमतीच्या गोष्टीही कळल्या. बाबा आता पहाटे साडेपाचलाच उठून घरभर फिरत. वय झालं की झोप कमी होते म्हणतात, ते खरंच असावं. आणि आई दुपारी तीन-तीन तास ओटीवर बसून असे. आयुष्यभर जी बाई बूड टेकत नव्हती, तिचा केशरी ठिपका ओटीवर शांत पडलेला पाहिला की केतकीला पुण्यात बसल्या बसल्या बरं वाटायचं. चला, आई बसायला शिकली.

डिसेंबरच्या पहिल्या सोमवारी निळ्या रेघेखाली पिवळी खूण आली.

तिने ती दाबली. 'दिगंबर: डाव्या पायाचे पाऊल तीन आठवड्यांत नऊ टक्क्यांनी आखूड. डाव्या हाताचा झोका कमी. वळताना पूर्वी तीन पावले, आता पाच. हा आकृतिबंध मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवावा.'

केतकीने चहाचा कप खाली ठेवला. आजाराचं नाव यंत्राने लिहिलं नव्हतं, पण तिला माहीत होतं. पार्किन्सन. मेंदूतल्या एका इवल्याशा भागातल्या पेशी हळूहळू मरतात, आणि माणूस आक्रसत जातो: पाऊल, हाताचा झोका, अक्षर, आवाज, चेहऱ्यावरचं हसू. सुरुवात बहुधा शरीराच्या एकाच बाजूने होते आणि बऱ्याचदा ज्याचं त्याला कळतही नाही.

तिने आईच्या नंबरवर फोन लावला. नेहमीप्रमाणे बाबांनी उचलला.

"बाबा, तुमचा डावा पाय दुखतोय का?"

"नाही बा. का?"

"हात जड वाटतो?"

"अगं, आत्ता नारळ सोलत होतो. काय झालं काय, बाय?"

तिने सांगितलं. 

"तुझा डबा म्हणतो मी पाय ओढतो. मी म्हणतो ओढत नाही. आता तू कोणाचं खरं धरणार?"

"बाबा, स्वतःला जाणवत नाही, हेच तर ह्या आजाराचं..."

"म्हणजे मला काही होत नाही, हाच आजार!" ते हसले, पण ते दुकानातलं हसणं नव्हतं.

मग तिने बाबांच्या नंबरवर आईला गाठलं. "आई, बाबांवर लक्ष ठेव. वळताना बघ. जिन्यावर बघ. आणि स्कूटर देऊ नकोस त्यांना, काही झालं तरी."

"बरं," आई म्हणाली. "मी बघते. तू जीव नको काढूस."

*

आईने सांगितलेलं शब्दशः केलं. स्कूटरची किल्ली तांदळाच्या डब्यात गेली. बाबा मागच्या परसात गेले की आई मागे, न्हाणीघरात गेले की आई दाराबाहेर. "अहो, सावकाश. अहो, कठड्याला धरा." पंधरा दिवसांत बाबांचा आवाज बदलला.

"ही माझ्या मागून फिरते, केतकी. सावलीसारखी. काल मी तिच्यावर ओरडलो. चाळीस वर्षांत ओरडलो नव्हतो." मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "आज कप पडला माझ्या हातून. कप काय, आधीही पडायचे. पण आज मी हाताकडे बघत बसलो. चालताना आता मी पावलं मोजतो. मोजत चाललो की नीट चालताच येत नाही."

केतकी ॲप दिवसातून एकदा उघडायची, ती आता वीसदा उघडू लागली. प्रयोगशाळेत एका रक्तदाबयंत्राचे आकडे तिने चुकून दुसऱ्याच यंत्राच्या कागदावर लिहिले. तिच्या हाताखालच्या मुलीने ते पकडलं आणि भीतभीत म्हणाली, "मॅडम, तुम्हीच शिकवलंय ना, आकडा वाचायच्या आधी यंत्रावरची चिठ्ठी वाचायची." केतकीने कागद फाडला, सॉरी म्हणाली, आणि पुन्हा फोन उघडला. निळी रेघ आणखी थोडी खाली आली होती. बारा टक्के.

जानेवारीत ती दोघांना घेऊन कोल्हापूरला गेली. आंबा घाटात आई तीनदा म्हणाली, "ह्यांना पुढच्या सीटवर बसू दे, पाय लांब करायला." मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. शिरगुप्पे मितभाषी होते. त्यांनी बाबांना बोटं आपटायला सांगितली, मनगट फिरवून पाहिलं, एक वाक्य लिहायला सांगितलं, आणि दवाखान्याच्या लांबलचक पॅसेजमध्ये चालायला लावलं. केतकी बाबांच्या पावलांकडे श्वास रोखून पाहत होती. पॅसेजच्या टोकाला बाबा सैनिकासारखे गर्रकन वळले.

आई बाकावर पर्स मांडीवर घेऊन बसली होती. डावा हात उजव्या हाताखाली दाबून धरलेला. थंडी वाजत असेल, असं केतकीला वाटलं.

"मला काही सापडत नाही," डॉक्टर म्हणाले.

"पण आकडे..."

"आकडे मी पाहिले. आकडे स्पष्ट आहेत." डॉक्टरांनी चष्मा काढला. "तेच मला समजत नाही. इतकं स्पष्ट असेल तर मला दिसायला हवं. ही यंत्रं कधीकधी आमच्या आधी बोलतात हे खरं. तीन महिन्यांनी या."

 परतताना घाट उतरल्यावर बाबा म्हणाले, "डॉक्टरने तपासलं, काही नाही म्हणाला. तरी तुझा चेहरा तसाच. बाय, तुला मी बरा आहे हे नको आहे, की डबा चुकला हे नको आहे?"

केतकीने आरशात पाहिलं. मागच्या सीटवर आई झोपली होती. निदान डोळे मिटून बसली होती.

*

फेब्रुवारीत निळी रेघ सोळा टक्क्यांवर आली. त्याच आठवड्यात 'अडखळण्याचे प्रसंग: दोन' अशी नोंद आली, दोन्ही सकाळची, दोन्ही स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी. केतकीने आठवडाभर घरून काम करायची परवानगी काढली आणि रत्नागिरीची गाडी पकडली. दोघांना पुण्याला न्यायचं, हे तिने मनाशी ठरवूनच टाकलं होतं. तिच्या फ्लॅटला उंबरा नव्हता.

"पुण्याला?" बाबा म्हणाले. "तिथे काय करू मी? लिफ्टमध्ये वर-खाली?"

"बाबा, तुम्ही उंबऱ्यात दोनदा अडखळलात."

"मी? कधी?"

"मंगळवारी आणि गुरुवारी. सकाळी सहाच्या सुमारास."

"सहाला मी अंथरुणात असतो!"

"असं तुम्हाला वाटतं," केतकी म्हणाली, आणि आपलाच आवाज ऐकून तिला कसंतरी झालं.  बाबा उठून ओटीवर गेले.

आई मध्ये पडली नाही. ती फडताळात मेतकुटाची बरणी ठेवत होती. आईच्या प्रत्येक बरणीवर चिठ्ठी असायची. आत काय आणि कधी केलं, शाळेच्या फळ्यावर लिहावं तशा ठसठशीत अक्षरात. या नव्या बरणीवरचं अक्षर मुंगीएवढं होतं आणि शेवटाकडे आणखी बारीक होत गेलेलं.

"हे काय गं, भिंग लावून वाचायचं?"

"पेन बारीक आहे ते," आई म्हणाली आणि बरणी मागे सरकवली.

दुपारी तीनच्या सुमाराला केतकी ओटीवर लॅपटॉप घेऊन बसली होती. समोर आरामखुर्चीत बाबा. छातीवर आईचा मोठा फोन उपडा, त्यावर कसलीशी मुलाखत चालू, आणि बाबा घोरत होते. केतकीने सवयीने ॲप उघडलं.

निळा ठिपका चालत होता.

तिने मान वर केली. बाबा खुर्चीत होते. पुन्हा पडद्याकडे पाहिलं. निळा ठिपका स्वयंपाकघरातून मागच्या दाराकडे गेला, थांबला, वळू लागला. एक, दोन, तीन, चार, पाच. पाच पावलांत वळला. केशरी ठिपका ओटीवर, तिच्यापासून चार हातांवर, शांत पडून होता. तीन-तीन तास पडून असायचा तसाच.

यंत्र बिघडलं असेल, हा पहिला विचार. तो तिने धरून ठेवायचा प्रयत्न केला. पण प्रयोगशाळेतलं ते वाक्य आठवलं. आकडा वाचायच्या आधी चिठ्ठी वाचायची. चार महिने ती आकडे वाचत होती.

ती उठली आणि माजघरातून, पाय न वाजवता, स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन उभी राहिली.

आई मागच्या दारातून वाळलेल्या पापडांचं सूप घेऊन येत होती. डावी चप्पल फरशीवर घासत होती. फार नाही, सऽप, सऽप, एवढंच. उजवा हात सुपाखाली, डावा नुसता कडेला टेकवलेला. उंबऱ्यापाशी आई थांबली, उंबऱ्याकडे पाहिलं, मनाशी काहीतरी ठरवावं तसं ठरवलं, आणि उजवा पाय आधी टाकून डावा ओढून घेतला. मग तिला केतकी दिसली.

"चप्पल सैल झालीय," आई म्हणाली.

केतकीने सूप तिच्या हातातून घेतलं. गाऊनच्या खिशातून बाबांचा छोटा फोन डोकावत होता.

"आई, बाबांचा फोन तुझ्याकडे कसा?"

"माझ्याकडेच असतो. तू वाढदिवसाला मला तो एवढा मोठा पाट आणलास, तो या खिशात मावतो का? ह्यांना मुलाखती बघायला बरा पडतो. ह्यांचा लहान, मी ठेवते. घरात माझा-तुझा फोन कोण करतं?"

"आणि ते सात दिवस?"

"सात दिवस तर क्षणभर बाजूला ठेवला नाही. पूजेलासुद्धा जवळ. तू सांगितलं होतंस ना." आईचा चेहरा थोडा भांबावला. "का? काही चुकलं का गं माझं?"

"नाही," केतकी म्हणाली. "तुझं नाही." पुढचं तिला विचारवत नव्हतं. "कधीपासून आहे हे, आई?"

आईने नळ सोडला, उजव्या हाताने डावा धुतला, नळ बंद केला.

"गणपतीत मोदकाच्या कळ्या पडेनात. वाटलं, उकड बिघडली. मग दिवाळीनंतर पाय. आधी थोडा, मग जरा जास्त."

"आणि तू बोलली नाहीस? मी रोज फोन करत होते!"

"रोज तू ह्यांचं विचारत होतीस," आई म्हणाली. त्यात तक्रार नव्हती, वस्तुस्थिती होती. "ह्यांना मेंदूचं काहीतरी निघालं म्हणालीस. मग मी कुठे माझा पाय काढून बसू? एका घरात एका वेळी एकानेच आजारी पडावं. ह्यांचं निस्तरलं की सांगणार होते."

*

खुर्ची करकरली. बाबा माजघराच्या दारात उभे होते. किती ऐकलं होतं, ते विचारायची गरज नव्हती.

ते आईजवळ आले. तिचा डावा हात त्यांनी आपल्या हातात घेतला आणि मनगट हळूच फिरवून पाहिलं, कोल्हापूरच्या डॉक्टरांनी त्यांचं फिरवलं होतं तसं. एकदा, दोनदा. हात सरळ फिरत नव्हता. दात्यांवर अडावा तसा अडत अडत फिरत होता.

"मी हिच्यासमोर बसतो," बाबा म्हणाले, केतकीला की भिंतीला ते कळलं नाही. "रोज. जेवायला, चहाला. मी सारखा माझाच हात बघत होतो."

"मी पण तुमचाच बघत होते," आई म्हणाली.

केतकीने डॉ. शिरगुप्प्यांच्या दवाखान्यात फोन लावला.  "पेशंट तोच नाही," तिने दोनदा सांगितलं. "आकडे तेच आहेत. पेशंट दुसरा आहे." गुरुवारची वेळ मिळाली. सोळा टक्के. बाबा मोकळे झाले म्हणून तिला हायसं वाटायला हवं होतं, पण भीती तसूभरही कमी झाली नव्हती. भीतीने फक्त जागा बदलली होती. आणि तीन महिने, औषध सुरू होऊ शकलं असतं असे तीन महिने, तिने चुकीच्या माणसावर खर्च केले होते.

ती ॲपच्या आत शिरली. नाव बदलायची सोय होती, अगदी सोपी. 'दिगंबर' पुसून तिने 'वैजयंती' लिहिलं, 'वैजयंती' पुसून 'दिगंबर'. यंत्राने नम्रपणे विचारलं, 'मागील नोंदींवरही नवे नाव लावायचे का?'

तिने 'हो' दाबलं.

क्षणभर पडदा कोरा झाला. मग चार महिने पुन्हा उमटले, माणसं बदलून. पहाटे साडेपाचला उठून घरभर फिरणारी पावलं आईची झाली. उंबऱ्यातलं अडखळणं आईचं झालं. आणि दुपारी तीन-तीन तास ओटीवर शांत पडलेला, जो बघून केतकीला पुण्यात बसल्या बसल्या बरं वाटायचं, तो ठिपका बाबांचा झाला. तिने बोटाने मागे मागे जात पाहिलं. फेब्रुवारी, जानेवारी, डिसेंबर, नोव्हेंबर. एकाही दुपारी आई बसली नव्हती.

तिने फोन उपडा ठेवला.

आतून काहीतरी घासत येण्याचा आवाज आला. बाबा ओटीवरची आरामखुर्ची ओढत आणत होते. जड सागवानी खुर्ची माजघराच्या दारात अडकली, त्यांनी ती तिरकी केली, उचलली, आणि स्वयंपाकघरात ओट्याशेजारी नेऊन ठेवली.

"बस," ते म्हणाले.

"अहो, इथे कुठे मध्येच? जायला-यायला जागा तरी..."

"वैजू, बस."

"आमटी उतू जाईल."

"जाऊ दे."

आई खुर्चीकडे पाहत उभी राहिली, मघाशी उंबऱ्याकडे पाहत होती तशी. मग वळू लागली. केतकी दारातून मोजत होती. फोनशिवाय, नुसत्या डोळ्यांनी. एक, दोन, तीन, चार, पाच.

आई बसली.

"स्कूटरची किल्ली तांदळाच्या डब्यात आहे," ती बाबांना म्हणाली. "तळाशी."